मानसशास्त्राच्या पेपरात 'माणूस' म्हणजे कोण?

पाठ्यपुस्तकांतली स्वयंपाक करणारी आई आणि वर्तमानपत्र वाचणारे बाबा यांच्यावर आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे टीका केली. त्याचा उपयोगही झाला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष मिळून भाजी निवडताना दिसले. पण 'माणसाचे मन कसे चालते' हे शिकवण्याचा दावा करणाऱ्या मानसशास्त्राकडे आपण फारसे पाहिलेले नाही. हायस्कूल-ज्युनिअर कॉलेजातल्या मुली हा विषय घेतात, व्याख्या पाठ करतात, फरक स्पष्ट करतात, टीपा लिहितात आणि पास होतात. त्यात आपण लक्ष घालण्यासारखे काय आहे, असे काही मैत्रिणींना वाटेल. फ्लोरिडातल्या सरकारला मात्र तसे वाटले नाही. तिथे या एका विषयावरून थेट शिक्षकाच्या नोकरीपर्यंत गोष्ट गेली.

अमेरिकेत हायस्कूलमधल्या मुलामुलींसाठी 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाच्या परीक्षा असतात. शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात पेपर द्यायचा. 1 ते 5 या श्रेणीत 3 किंवा त्याहून वर मजल मारली, तर अनेक कॉलेजांत तो विषय झाला असे धरतात. म्हणजे कॉलेजच्या खर्चात तेवढी बचत. 'कॉलेज बोर्ड' ही संस्था या परीक्षा घेते. मानसशास्त्राचा पेपर 1992 पासून आहे आणि लिंग व लिंगभाव यांचा माणसाच्या घडणीवर काय परिणाम होतो, हा भाग त्यात पहिल्यापासून आहे.

एप्रिल 2023 मध्ये फ्लोरिडाच्या शिक्षण मंडळाने लैंगिक कल आणि लिंगभाव या विषयांवर वर्गात शिकवण्याची बंदी बारावीपर्यंत वाढवली. नियम मोडणाऱ्या शिक्षकाचा परवाना जाऊ शकत होता. राज्याने कॉलेज बोर्डाला अभ्यासक्रम तपासायला सांगितले. बोर्डाने जूनमध्ये बदल करायला नकार दिला. शाळा उघडायला जेमतेम आठवडा उरला असताना, 3 ऑगस्टला, बोर्डाने जाहीर केले की फ्लोरिडाने हा विषय जवळजवळ बंदच केला आहे. आदल्या वर्षी राज्यातल्या 28,000 हून अधिक विद्यार्थ्यांनी तो घेतला होता. दुसऱ्याच दिवशी शिक्षण आयुक्त मॅनी डियाझ यांचे पत्र निघाले: विषय संपूर्ण शिकवता येईल, मात्र वयाला साजेशा पद्धतीने.

'साजेसे' म्हणजे काय, हे कोण ठरवणार? नोकरी जाईल या भीतीत उभा असलेला शिक्षक ठरवणार. ज्या जिल्ह्यांना ही जोखीम नको होती, त्यांनी मुलांना दुसऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रमाकडे वळवले. उघड बंदीपेक्षा हे हत्यार जास्त धारदार आहे. बंदीविरुद्ध मोर्चा काढता येतो. पण शिक्षकाने घाबरून स्वतःच एखादा धडा गाळला, तर मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा?

आता कॉलेज बोर्डाचा जयजयकार करायचा का? नाही. ही जवळजवळ शंभर डॉलर शुल्क घेऊन परीक्षा घेणारी संस्था आहे. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा तिचा नवा विषय फ्लोरिडाने नाकारला, तेव्हा तिने आपला आराखडा सौम्य केला अशी टीका तिच्यावर झाली होती. मानसशास्त्राच्या बाबतीत ती ताठ राहिली, एवढेच.

पण धडा राखला म्हणजे काम संपले का? ज्या शास्त्रात हा धडा आहे, ते शास्त्र मुळात कोणाकडे पाहून उभे राहिले?

या पेपरासाठी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेली नावे पाहा. आज्ञापालनावरचा मिलग्रॅम यांचा 1963 चा गाजलेला अभ्यास: 40 जण, सगळे पुरुष. झिंबार्डो यांचा 1971 चा तुरुंगाचा प्रयोग: निवडलेले 24 तरुण, सगळे मुलगे. नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडणारे कोहलबर्ग: मूळ अभ्यासात फक्त मुलगे. निष्कर्ष लिहिताना मात्र शब्द वापरला 'माणूस'. या 'माणसा'त बाई कधी शिरली आणि कोणी शिरवली, हे गाईडात लिहिलेले नसते.

ज्या बायका या शास्त्रात शिरल्या त्यांचे काय झाले? मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी हार्वर्डमध्ये डॉक्टरेटसाठी लागणारे सगळे काम केले आणि 1895 मध्ये परीक्षाही दिली. बाई म्हणून हार्वर्डने पदवी दिली नाही. पुढे हार्वर्डशी जोडलेल्या स्त्रियांच्या रॅडक्लिफ कॉलेजची पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. 1905 मध्ये त्याच कॅल्किन्स अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. परीक्षेच्या जुन्या अभ्यासक्रमातल्या नावांच्या यादीत त्या होत्या. त्याच यादीत जी. स्टॅन्ली हॉलही होते. मुलींचे शिक्षण मातृत्वाकडे नेणारे असावे, असे 1904 साली लिहिणारे हेच हॉल. दोन्ही नावे शेजारी शेजारी पाठ करायची आणि भांडण कशावरून होते ते विचारायचे नाही!

लीटा हॉलिंगवर्थ यांचे नाव त्या यादीतही नव्हते. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी आणि हात मंदावतात, ही त्या काळी शास्त्राच्या नावाने खपणारी समजूत. हॉलिंगवर्थ यांनी रोज चाचण्या घेऊन ती तपासली आणि 1914 मध्ये प्रसिद्ध केले की तसे काही दिसत नाही. शिकवणे हा त्यांचा पेशा, पण लग्न झालेल्या बाईला न्यूयॉर्कच्या शाळांत तेव्हा नोकरी मिळत नसे. पाळीत बाजूला बसवल्या गेलेल्या आपल्याकडच्या मुलींना हे नाव ठाऊक असायला नको का?

इथे एक सावधगिरी हवी. 'अभ्यास पुरुषांवर झाला म्हणजे तो खोटा, बायकांचे मन वेगळेच असते' अशी सोपी उडी आपण मारू नये. मिलग्रॅम यांनी पुढे 40 स्त्रियांवर तोच प्रयोग केला, तेव्हा शेवटपर्यंत आज्ञा पाळणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांइतकेच, 65 टक्के निघाले. कॅरॉल गिलिगन यांनी 1982 च्या पुस्तकात कोहलबर्ग यांना जाब विचारला, तो योग्यच होता. पण स्त्रियांची नीती काळजीची आणि पुरुषांची न्यायाची, अशी जी वाटणी त्यातून लोकांनी काढली, तिला नंतरच्या अभ्यासांनी फारसा आधार दिला नाही. 'बाई मुळातच मायाळू' हे वाक्य सासूच्या तोंडून आले काय किंवा पुस्तकातून आले काय, त्याचा शेवट बाईला चुलीजवळ ठेवण्यातच होतो. उत्तर आधीच ठरवून ठेवायचे नाही, पण प्रश्न सोडायचाही नाही: हा निष्कर्ष कोणाला पाहून काढला, आणि तो कोणाला लावता येतो?

गंमत अशी की हा प्रश्न आता खुद्द पेपरात आहे. मे 2025 पासून परीक्षेचे स्वरूप बदलले: 75 बहुपर्यायी प्रश्न 90 मिनिटांत, आणि दोन लेखी प्रश्न 70 मिनिटांत. लेखी प्रश्नांपैकी एकात संशोधनाचा सारांश देतात आणि विचारतात: पद्धत कोणती, नीतिनियम कोणता पाळला, आणि ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांच्यावरून हे निष्कर्ष इतरांना लावता येतील का? हा तर आपलाच प्रश्न! पण तयारी करणारी मुले 'सहभागी व्यक्तींचा उल्लेख करा, एक गुण मिळवा' एवढेच घोकणार असतील, तर धारदार सुरी लोणी लावायला वापरल्यासारखे होईल. एकीकडे सरकार धडा गाळणार, दुसरीकडे घोकंपट्टी त्यातला जीव काढणार. मुलीच्या हाती गुणपत्रिका तेवढी उरणार.

हे दूरच्या देशाचे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे शाळांतील तृतीयपंथी मुलांना सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका एनसीईआरटीने 2021 मध्ये संकेतस्थळावर ठेवली आणि तक्रारी येताच त्याच वर्षी काढून टाकली. फ्लोरिडाच्या आधी दोन वर्षे!

शिवाय मानसशास्त्रातले शब्द बाईच्या आयुष्यावर कसे कोसळतात, हे आपल्या सल्ला केंद्रांत बसणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. नको झालेल्या बायकोला वेडी ठरवण्याची वाट तिथूनच जाते. नुसते आजाराचे नाव पुरत नाही, विकार इतका असावा लागतो की जोडीदाराकडून एकत्र राहण्याची वाजवी अपेक्षा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केले. तो खटलाही नवऱ्याने बायकोवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारून लढवलेला होता. 1970 साली अमेरिकेत ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 79 मनोचिकित्सकांना निरोगी पुरुष, निरोगी स्त्री आणि निरोगी प्रौढ व्यक्ती यांचे वर्णन विचारले. निरोगी प्रौढाचे वर्णन निरोगी पुरुषाशी जुळले, निरोगी स्त्रीशी जुळले नाही. म्हणजे बाई बाईसारखी वागली तर प्रौढ नाही, आणि प्रौढासारखी वागली तर बाई नाही. ज्या मुलीने हा अभ्यास एकदा नीट समजून घेतला, ती उद्या समुपदेशक, वकील किंवा नुसती सून झाली तरी कोणाच्या प्रमाणपत्राला सहजासहजी दबणार नाही.

म्हणून, मैत्रिणींनो, परीक्षेची तयारी ही क्लासवाल्यांवर सोडू नये. ज्या गटांचे मुलींशी काम आहे, त्यांनी अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलेल्या चार-सहा जणींना एकत्र बसवावे. पुस्तक तेच असू दे, पेपरही तोच. प्रत्येक धड्याला मात्र तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी शोधले? कोणाला पाहून शोधले? यातून कोणाला फायदा झाला आणि कोणावर शिक्का बसला? समलैंगिकता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीतून 1973 मध्ये वगळली गेली, तीही रस्त्यावर आणि परिषदांत भांडल्यावर, हे त्यांना सांगावे. विकारांच्या याद्या आकाशातून पडत नाहीत. त्या माणसे लिहितात आणि माणसेच खोडतात, हे मुलींना कळावे.

यात गुण कमी होण्याची भीती नाही. समजून लिहिलेल्या उत्तराला तपासनीस गुण देतोच. आणि समजा एखादा कमी झालाच, तर त्या गुणापेक्षा 'हे माझ्याबद्दल आहे का, आणि कोणी ठरवले?' असे विचारण्याची सवय मुलीच्या जन्मभर उपयोगी पडेल. फ्लोरिडातल्या सरकारला भीती वाटली ती याच सवयीची. आपण ती आपल्या मुलींना मुद्दाम लावू या.