डावी बाजू वर

फेस्टची थीम 'जपान' ठरल्याचं एव्हाना मेसच्या आमटीलाही कळलं असेल. गेटवर प्लायवूडचं लाल तोरण, लॉबीत कागदी चेरी ब्लॉसम आणि भाड्याने आणलेले किमोनो. घाला, फोटो काढा, पन्नास रुपये द्या! ट्रायल म्हणून आम्ही चौघींनी ते घातले आणि तो फोटो पोस्टरवर छापला. पोस्टर लागल्यावर जपानी भाषेचा क्लास करणारी एक सीनिअर म्हणाली, "अगं, उजवी बाजू वर घेतलीत? किमोनोची डावी बाजू वर असते. उजवी वर फक्त प्रेताला!" म्हणजे नोटीस बोर्डावर चार प्रेतं दात काढून हसतायत.

सगळे हसले, मीही हसले. पण मला ते लागलं, कारण मीटिंगमध्ये किमोनोसाठी पहिला हात माझाच वर होता.

खरं तर जपानला जाणाऱ्या टुरिस्टचंही हेच चालतं. क्योटोत किमोनो भाड्याने मिळतो. चहाचा समारंभ जेवणासकट रीतसर केला तर चार तास चालतो, तो पाहुण्यांसाठी पाऊण तासात उरकतात. त्यातही काही वाईट नाही, निदान शिकवणारा समोर असतो. वाईट पुढचं. क्योटोच्या गिओन भागात गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांना लोक इतके कंटाळले की २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. आत शिरलात तर दहा हजार येन दंड. त्याच वर्षी फुजीकावागुचिको गावाने एका दुकानासमोर काळी जाळी लावली. का? तर दुकानाच्या मागे दिसणाऱ्या फुजी पर्वताचा फोटो काढायला माणसं रस्त्यात उभी राहायची. जुहूत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. रविवारी 'जलसा'बाहेरच्या गर्दीतून रिक्षा काढून बघा!

माझी रूममेट नागपूरची. पोस्टरचं रामायण ऐकून ती म्हणाली, "जपानी माणूस आमच्याकडे फोटोत आहे, घरच्या भिंतीवर." दीक्षाभूमीचे भदंत सुरेई ससाई जन्माने जपानी, हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा दोष की माझा, देव जाणे.) मग तिनेच मला वरळीला नेलं. सांताक्रूझपर्यंत बस, लोअर परळपर्यंत लोकल, पुढे टॅक्सी. डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर पोदार हॉस्पिटलजवळ निप्पोन्झान म्योहोजी हे जपानी बौद्ध मंदिर आहे. बसमधून जाताना लक्षातही येत नाही.

आत तिकीट नाही, गाईड नाही. संध्याकाळची प्रार्थना सुरू होत होती. आमच्या हातात हातपंख्यासारखा, एकाच बाजूला कातडं ताणलेला डफ आणि काठी आली. 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' म्हणायचं आणि त्या तालावर वाजवायचं, बस्स. त्याचा अर्थ, सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन. पहिली दहा मिनिटं माझा ताल चुकत होता, कोणी वळूनही पाहिलं नाही. शाळेत रोज असेंब्लीला आम्ही सगळ्या जातीधर्माच्या मुली 'अवर फादर' म्हणायचो, त्याची आठवण झाली. अर्ध्या तासाने माझा हात दुखत होता आणि फोन बॅगेतच राहिला होता.

नंतर लायब्ररीत बसून वाचलं. हा पंथ स्थापणारे निचिदात्सु फुजी १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्रामला राहून रोज डफ वाजवायचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि इंग्रज सरकारने त्याला पकडून नेलं. भिक्षू गेला, पण गांधीजींनी त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत ठेवला. शत्रूराष्ट्राच्या भाषेतला मंत्र, भर युद्धात! सेवाग्रामची सर्वधर्म प्रार्थना आजही त्याच मंत्राने सुरू होते. एवढं सगळं वर्ध्यात आणि वरळीत असताना आम्ही जपान शोधत होतो ड्रेसवाल्याकडे.

आता कमिटीपुढे माझं म्हणणं. किमोनोचा स्टॉल बंद करा असं नाही. निम्मा खर्च तोच वसूल करणार, हे खजिनदारबाईंनी मला ऐकवलंच आहे. पण स्टॉलवर त्या सीनिअरला बसवा. नेसवायचं कसं, हे ती सांगेल आणि मगच फोटो निघेल. शिवाय फेस्टच्या आठवड्यात रोज संध्याकाळी काही जणींना वरळीला जाऊ द्या. एक मैत्रीण म्हणाली, "मग आपणच तिथली गर्दी होणार, तुझ्या त्या फुजीसारखी." मुद्दा बरोबर आहे, त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून एका वेळी सहाच जणी, आधी मंदिरात विचारून, आणि रील वगैरे काही नाही. ज्यांना फोटोच हवाय त्यांच्यासाठी लॉबीतली चेरी ब्लॉसम आहेच.

रेक्टर मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर एकच विनंती. प्रार्थना संपवून जुहूला पोचेपर्यंत इन-टाइम उलटून जातो. त्या आठवड्यापुरता नऊ वाजेपर्यंतचा आउटपास मिळाला तर बरं होईल. पहिल्या सहा जणींची नावं मी अर्जासोबत देते. पोस्टर मात्र आजच काढलं आहे.