मालकाच्या खर्चाने घेतलेली पदवी

नोकराच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या मालकाने उचलावा, ही कल्पना ऐकताक्षणी कोणालाही भावेल अशी आहे. अमेरिकेत तिला कायद्याचा आधारही आहे. १९७८ मध्ये तेथील महसूल संहितेत घातल्या गेलेल्या १२७व्या कलमानुसार कंपनीने आपल्या नोकराच्या शिक्षणावर केलेला खर्च एका मर्यादेपर्यंत त्या नोकराचे उत्पन्न म्हणून धरला जात नाही, आणि त्यावर त्याला कर द्यावा लागत नाही. ही मर्यादा १९८६ मध्ये वर्षाला ५,२५० डॉलर अशी ठरली आणि पुढे जवळजवळ चार दशके ती जागची हलली नाही. तिची सांगड महागाईशी घालण्याची तरतूद झाली ती २०२५ च्या कायद्यात. अनेक कंपन्यांची मदत नेमकी याच आकड्यापाशी थांबते. तेव्हा नोकरी सांभाळून पदवी मिळवू पाहणाऱ्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो तो असा : फी मालक भरणार असेल, तर नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयात नाव घालावे काय?

‘फुकट मिळते आहे, मग हरकत कसली,’ असे याचे उत्तर सर्रास दिले जाते. हे उत्तर चुकीचे आहे. पण ते मूर्खपणाचे नव्हे, आणि म्हणूनच त्याचा विचार सावकाशीने करावयास हवा.

मराठी वाचक मुळात ‘नफ्यासाठी चालणारे महाविद्यालय’ या शब्दांपाशीच अडखळेल. मराठीत शिक्षणसंस्था म्हटली की न्यास, मंडळ, देणगीदार, आजीव सेवक हे सारे ओघाने येते. शिल्लक उरलीच तर तिला नफा म्हणावयाचे नाही, असा संकेत आहे. भारतीय न्यायालयांनीही हा संकेत मानला. १९९३ च्या उन्नीकृष्णन आणि २००२ च्या टी. एम. ए. पै या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणातील नफेखोरी अमान्य केली. दुसऱ्या निकालात संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवण्यास मोकळीक दिली. (१९८३ नंतरच्या विनाअनुदान पर्वात महाराष्ट्रात या संकेताचे काय झाले हा निराळा विषय, कॅपिटेशन फी रोखण्यासाठी १९८७ मध्ये कायदा करावा लागला, एवढे सांगितले तरी पुरे.) अमेरिकेत याबाबत आडपडदा नाही. तेथे महाविद्यालय ही उघडउघड कंपनी असू शकते, तिचे भाग शेअरबाजारात विकले जाऊ शकतात आणि भागधारकाला लाभांश देणे हे तिच्या संचालकांचे कर्तव्य ठरू शकते.

अशा संस्थांपैकी सर्वांत गाजलेली युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स. तिचे संस्थापक जॉन स्पर्लिंग हे कोणी सट्टेबाज नव्हते. गरीब घरात वाढलेला, व्यापारी जहाजांवर खलाशाचे काम केलेला आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळविलेला हा इतिहासाचा प्राध्यापक कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे शिकवीत होता. पोलीस आणि शिक्षक यांच्यासाठी अभ्यासक्रम चालविताना त्याच्या ध्यानात आले की, तिशी-चाळिशीतल्या नोकरदार माणसाला विद्यापीठात जागाच नाही. तासिका दिवसा, कार्यालये पाचला बंद, आणि सारी रचना अठरा वर्षांच्या, आईबापांच्या खर्चाने वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी. प्रस्थापित विद्यापीठांनी त्याचे ऐकले नाही. त्याने १९७६ मध्ये स्वतःची संस्था काढली. आरंभीचे विद्यार्थी नोकरी करणारे प्रौढ होते आणि त्यांतील अनेकांची फी त्यांच्या कंपन्या भरीत. स्पर्लिंगचे निदान अचूक होते. सार्वजनिक विद्यापीठांनी ज्यांच्यासाठी दार उघडले नाही, त्यांच्यासाठी ते एका व्यापाऱ्याने उघडले, ही नामुष्की व्यापाऱ्याची खचित नव्हे.

परंतु १९९४ मध्ये तिची मालक कंपनी शेअरबाजारात उतरली, आणि बाजाराची भूक प्रौढ नोकरदारांवर भागणारी नव्हती. २०१० च्या सुमारास विद्यार्थिसंख्या साडेचार लाखांच्या वर गेली. एवढी माणसे आणावयाची तर शिक्षकांपेक्षा भरती करणारे अधिक लागतात. सिनेटर टॉम हार्किन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये अशा तीस कंपन्यांचा ताळेबंद मांडला. त्यांच्या उत्पन्नातील २२.७ टक्के रक्कम जाहिरात व भरती यांवर, १९.४ टक्के नफ्यापोटी आणि १७.२ टक्के अध्यापनावर जात होती. हे तीन आकडे एका ओळीत वाचले की, मालकाने दिलेल्या डॉलरचे पुढे काय होते हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. जाहिरातीत काय असे, तेही पुढे उघड झाले. बड्या कंपन्यांशी आपला नोकऱ्यांबाबत संबंध असल्याचा भास निर्माण केल्याच्या आरोपावरून फिनिक्सला २०१९ मध्ये संघीय व्यापार आयोगाशी १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

येथपर्यंतची हकिगत बरीचशी परिचित आहे. मालकाच्या मदतीचा या व्यवहारात नेमका काय उपयोग होतो, ही बाजू मात्र क्वचितच कोणी पाहते. अमेरिकेत ‘नव्वद-दहा’ नावाचा एक नियम आहे. १९९२ मध्ये तो पंच्याऐंशी-पंधरा असा होता. १९९८ मध्ये सैल झाला. नफ्याच्या महाविद्यालयाला आपल्या उत्पन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम संघराज्याच्या विद्यार्थी-साहाय्यातून, म्हणजे प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या कर्जांतून व अनुदानांतून, घेता येत नाही. दहा टक्के तरी बाहेरून यावे लागतात. हेतू असा की, ज्या मालाला स्वतःच्या खिशातून पैसे देणारा एकही गिऱ्हाईक नाही, तो केवळ सरकारच्या पैशावर विकला जाऊ नये. मालक भरतो ती फी या दहा टक्क्यांत मोजली जाते. म्हणजे मर्यादेच्या काठावर उभ्या असलेल्या महाविद्यालयाला मालकाकडून एक डॉलर मिळाला की, सरकारी साहाय्याचे नऊ डॉलर घेण्याची वाट मोकळी होते. फार दिवस सैनिकांच्या शिक्षणभत्त्याचाही असाच वापर होत होता. तो भत्ता सरकारी असूनही बाहेरचा मानला जाई. ही पळवाट बुजविणारा कायदा २०२१ मध्ये झाला आणि २०२३ पासून अमलात आला. मालकाचा डॉलर मात्र आजही दहाच्या बाजूलाच आहे. तेव्हा भरती करणारा अधिकारी कंपन्यांच्या कार्मिक विभागात सवलतीचे दर घेऊन का फिरतो, याचे नवल वाटावयास नको.

आता दुसऱ्या बाजूची व्यक्ती पाहावी. रुग्णालयाच्या बिलांच्या विभागात काम करणारी, पस्तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई अशी एक स्त्री कल्पावी. पदवी नसल्याने तिची बढती अडली आहे. कंपनी वर्षाला ५,२५० डॉलर देते. महाविद्यालयाची फी एका श्रेयांकाला ४०० डॉलर धरली, तर या रकमेत वर्षाला तेरा श्रेयांक होतात. पदवीला १२० लागतात. म्हणजे पदवीला नऊ वर्षे. नऊ वर्षे कोणाला परवडतात? मग अधिकारी सुचवितो की, उरलेल्यापुरते कर्ज घ्यावे, चार-पाच वर्षांत मोकळे व्हावे. फुकट शिक्षणाची सुरुवात ही अशी कर्जाने होते.

आणि फी भागली तरी वेळेचे काय? रूढ हिशेबाप्रमाणे एका श्रेयांकामागे सुमारे ४५ तासांचा अभ्यास धरतात. वर्षाच्या तेरा श्रेयांकांना ५८५ तास झाले. मालकाची रक्कम या तासांवर वाटली, तर तासामागे जेमतेम नऊ डॉलर पडतात. तिच्या पगाराचा तास बहुधा याहून महाग असतो. मुले निजल्यानंतरच्या तासाची किंमत तर कोणत्याच कोष्टकात बसत नाही. या व्यवहारात मोठा भांडवलदार तीच आहे. मालक तिच्या मानाने लहान भागीदार.

या भांडवलाच्या मोबदल्यात तिच्या हाती जे पडते ते अन्यत्र चालते काय, हा खरा प्रश्न. डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन, लॉरेन्स काट्झ प्रभृतींनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून एक प्रयोग केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाणिज्य-व्यवस्थापनातील पदवी मोठ्या ऑनलाइन नफेखोर संस्थेची असेल, तर सहज प्रवेश देणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवीधराच्या तुलनेत मुलाखतीचे बोलावणे सुमारे २२ टक्क्यांनी कमी आले. श्रेयांकांची गोष्ट याहून कठीण. संघराज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये जो अंदाज दिला, त्यानुसार नफ्याच्या संस्थेतून सार्वजनिक संस्थेत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ९४ टक्के श्रेयांक वाया गेले होते. शंभर संध्याकाळींपैकी सहाच मोजल्या जाव्यात, असा हा हिशेब आहे.

तेव्हा ही पदवी चालते कोठे? बहुधा ज्याने तिचा खर्च केला त्याच मालकाकडे. फी भरताना मालक अट घालतो की, अभ्यासक्रम संपल्यावर एक किंवा दोन वर्षे नोकरी सोडता कामा नये. सोडल्यास रक्कम परत करावी. ही अट एकटी असती तर अन्यायाची म्हणता आली नसती, कारण ती मुदतीची आहे. परंतु जी पदवी बाहेर खपत नाही, तिच्यामुळे मुदतीचे बंधन कायमचे होऊन बसते. दोन वर्षांनंतर ती स्त्री कागदोपत्री मोकळी झाली, तरी जावयाचे कोठे? शिक्षणाने माणसाला गाव बदलता यावे, धनी बदलता यावा, ही अपेक्षा फार जुनी आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्याच धन्याकडे अधिक उपयोगी करणे हा तिचा उद्देश खासच नव्हता. येथे शिकलेली व्यक्ती पूर्वीपेक्षा अधिक एका जागी खिळते.

याला अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. वर उल्लेखिलेल्या प्रयोगातच आढळले की, आरोग्यसेवेतील ज्या कामांना राज्याचा परवाना लागतो, तेथे नफ्याच्या संस्थेचा विद्यार्थी मागे पडत नाही. त्याच्या योग्यतेची साक्ष महाविद्यालय देत नसून परवान्याची परीक्षा देते. ज्या नोकरीत केवळ ‘पदवीधर’ एवढाच रकाना भरावयाचा आहे आणि जी सोडण्याचा विचारच नाही, तेथेही हा मार्ग धरणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या भागात सार्वजनिक महाविद्यालय पन्नास मैलांवर आहे, तेथील माणसालाही उपदेश करणे सोपे असते.

पण आता पर्याय नाही असे म्हणणे पूर्वीइतके खरे उरलेले नाही. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ मध्ये आरंभ झालेल्या कम्युनिटी कॉलेजांच्या परंपरेत आज वर्षभराच्या पूर्णवेळ अभ्यासाची फी सरासरीने चार हजार डॉलरच्या आसपास असते. म्हणजे ज्या ५,२५० डॉलरांत नफ्याच्या महाविद्यालयाचे तेरा श्रेयांक होतात, त्यांतच येथे तीस श्रेयांक होऊन पुस्तकांपुरते पैसे उरतात. पदवीची उरलेली दोन वर्षे राज्य विद्यापीठात महाग पडतील हे खरे. परंतु महागाई निम्म्या वाटेवर गाठणे आणि पहिल्या पावलापासून गाठणे यांत अंतर आहे. संध्याकाळचे व ऑनलाइन वर्ग आता सार्वजनिक विद्यापीठांतही आहेत. एका कॉफीगृहांच्या साखळीने २०१४ मध्ये आपल्या नोकरांसाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी या सार्वजनिक विद्यापीठाशीच करार केला. स्पर्लिंगने दाखविलेली उणीव विद्यापीठांनी, उशिरा का होईना, ओळखली आहे; आणि त्याबरोबरच त्याच्या वारसांच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद दुबळा झाला आहे.

एक गोष्ट राहिली. २०१५ मध्ये कोरिंथियन कॉलेजेस बंद पडली, २०१६ मध्ये आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट. कोरिंथियनच्या सुमारे ५ लाख ६० हजार कर्जदारांची ५.८ अब्ज डॉलरची कर्जे सरकारने २०२२ मध्ये माफ केली. कर्ज घेणाऱ्याला अखेर असा काही न्याय मिळू शकतो. ज्याची फी मालकाने भरली, त्याच्यापाशी माफ करण्याजोगे कर्जच नसते. त्याने गमावलेली वर्षे कोणत्याही दाव्याच्या अर्जात लिहिता येत नाहीत. बिलांच्या विभागातील त्या स्त्रीपुढे एकाच आठवड्यात दोन कागद सहीसाठी येतील. कार्मिक विभागाच्या कागदावर नोकरी सोडल्यास परतफेड करण्याची अट ठळक छापलेली असेल. महाविद्यालयाच्या कागदावर, बहुधा शेवटच्या पानांवर, येथील श्रेयांक स्वीकारावेत की नाही हे अन्य संस्थांच्या मर्जीवर अवलंबून आहे असे एक वाक्य असेल. ते वाक्य तिने आधी वाचावे, जवळच्या राज्य विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात दूरध्वनी करून यांतील कोणते अभ्यासक्रम ते स्वीकारतात हे लेखी मागून घ्यावे, आणि मगच पहिल्या कागदाकडे वळावे.