गिरकी घेणाऱ्या बाईला आता सुट्टी द्या

ग्रह स्वतःभोवती का फिरतात असं कुणालाही विचारा. शाळेतले मास्तर असोत, यूट्यूबवरचा चॅनेलवाला असो, की आपल्याच टीममधला 'स्पेस हा माझा इंटरेस्ट आहे' म्हणणारा असो, तिसऱ्या वाक्याला बर्फावर गिरकी घेणारी ती स्केटर येतेच. हात पसरले की हळू, हात जवळ घेतले की भन्नाट. तसाच म्हणे वायूचा ढग आकसला, वेग वाढला आणि ग्रह फिरायला लागले. फंडा क्लिअर, पुढचा प्रश्न!

माझं भांडण या 'पुढचा प्रश्न'शी आहे. हे उत्तर चुकीचं नाही, अर्धवट आहे. चुकीचं उत्तर कधीतरी पकडलं जातं, अर्धवट उत्तर मात्र जन्मभर डोक्यात ठाण मांडून बसतं.

आधी बाईंचं श्रेय बाईंना. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी आपला ढग आकसायला लागला तेव्हा त्याला थोडी का होईना फिरकी होतीच. एवढ्या कणांच्या गतींची बेरीज बरोब्बर शून्य येणं जवळजवळ अशक्य. कोनीय संवेग आपोआप नाहीसा होत नाही, म्हणून ढग आकसला तशी गिरकी वाढली आणि त्याची चपटी तबकडी झाली. फिरत राहायला इंजिनही लागत नाही, कारण अवकाशात अडवायला फारसं काही नाही. इथपर्यंत सगळं चोख.

आता आपण कोड तपासतो तसं हे तपासू. हॅपी पाथ चालला म्हणून कुणी रिलीज करतं का?

पहिली टेस्ट केस, खुद्द सूर्य. सौरमालेचं ९९.८ टक्क्यांहून जास्त वस्तुमान त्याच्याकडे. सगळ्यात जास्त आकसला तोच, म्हणजे त्याने गरगर फिरायला हवं. पण विषुववृत्तापाशी त्याला एका फेरीला सुमारे २५ दिवस लागतात! कोनीय संवेगातला त्याचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के, बाकीचा जवळजवळ सगळा ग्रहांच्या कक्षांमध्ये. लाप्लासने १७९६ साली मांडलेली कल्पना पुढे याच हिशेबावर अडखळली. आज आपल्याला माहीत आहे की सूर्याला ब्रेक लागला तो त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आणि सौरवाऱ्यामुळे. स्केटरच्या गोष्टीत हा ब्रेक कुठे आहे?

दुसरी टेस्ट केस, ती तबकडी. तिच्यात सूर्याजवळचे कण वेगाने धावतात, लांबचे हळू. ते नुसते एकमेकांना चिकटले असते तर ग्रह उलटे फिरायला हवे होते. बहुतेक ग्रह सुलटे फिरतात ते का, हे कण ग्रहावर कसे, कुठून आणि किती मोठे येऊन आदळले यावर ठरतं. 'ढग फिरत होता म्हणून' एवढ्याने भागत नाही.

तिसरी केस, शुक्र आणि युरेनस. शुक्र उलटा फिरतो, तोही २४३ दिवसांत एकदा. युरेनसचा आस ९८ अंशांनी कललेला, म्हणजे गडी चक्क आडवा पडून लोळतोय. इथे टकरी, भरती-ओहोटीची ओढ, शुक्राचं दाट वातावरण असे संशयित आहेत, पण निकाल अजून लागलेला नाही.

आणि पृथ्वी? आपला दिवस शतकाला साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतोय. आपण गमावलेला संवेग चंद्राला मिळतो आणि तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो. १९६३ साली जॉन वेल्सने जीवाश्म प्रवाळांवरच्या वाढीच्या रेषा मोजल्या, तर सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी वर्षात साधारण ४०० दिवस भरत होते. म्हणजे दिवस २२ तासांचा!

'अहो पण पोरांना सोपं करून सांगायला नको का?' हे ठरलेलं उत्तर येणारच. सांगा की! पण शेवटी एक वाक्य जोडा: 'मग शुक्र उलटा का?' त्याला पैसे पडत नाहीत. वर्गातल्या साठातल्या दोघांना त्या रात्री झोप येणार नाही, आणि विज्ञानाला तेच दोघे हवे आहेत. आपण मात्र प्रश्न मिटवल्याबद्दल मास्तरांना शाबासकी देतो, आणि मग मोठेपणी ही मुलं कुठलाही फॉरवर्ड 'लॉजिकल वाटतंय' म्हणून गिळतात तेव्हा कपाळावर हात मारतो.

असो. बाईंनी खूप गिरक्या घेतल्या, दमल्या असतील. त्यांना जरा बसू द्या, आणि वर्गात शुक्राला बोलवा.