पसंती क्रमांक एक

बार कौन्सिलची निवडणूक लागली की आमच्या तालुक्याच्या बार रूमला मोठ्या शहरांतल्या साहेबांचे पाय लागतात. हात जोडून एकच विनंती: “एक नंबर नाही जमला, तर दोन नंबरची पसंती तरी द्या, वकीलसाहेब.” रात्री स्नेहभोजन ठरलेलंच.

1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट सांगतो, राज्यात दहा हजारांवर वकील असले की कौन्सिलवर 25 सदस्य निवडून द्यायचे. महाधिवक्ता पदसिद्ध. मतदान पसंतीक्रमाचं. 25 जागांसाठी कोटा येतो वैध मतांच्या साधारण सव्विसाव्या हिश्शाएवढा, म्हणजे शंभरात चार मतंही नकोत. तेवढ्यासाठी कायदा यावा लागत नाही. जात, जिल्हा आणि जेवणावळी पुरतात.

निवडून येऊन करायचं काय? सनद द्यायची आणि चुकलेल्या वकिलाला शिक्षा करायची. इथेच खरी गोम आहे. अशिलाच्या नुकसानभरपाईचे पैसे वकिलाने गिळले, तर चौकशी करणार तिघांची शिस्तपालन समिती: दोन कौन्सिलचे सदस्य, तिसरा त्यांनीच निवडलेला वकील. समोर उभा असलेला तो त्यांचा मतदार, आणि बहुधा चार मतं फिरवणारा. अशिलाला मत नाही, समितीत जागा नाही. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे. ज्याला तालुक्याला यायला एसटीचं भाडं जड, त्याने दिल्ली गाठायची!

त्या दिल्लीच्या कौन्सिलसाठी तर मलाही मत नाही. प्रत्येक राज्य कौन्सिल आपल्यातला एक जण तिथे पाठवतं. महाराष्ट्र, गोवा, दमण-दीव, दादरा-नगर हवेली मिळून एक, इवल्याशा त्रिपुराचाही एक.

मुदत पाच वर्षांची. आमचं कौन्सिल निवडून आलं 2018 मध्ये, आणि सनदांच्या पडताळणीच्या नावाखाली 2025 उजाडलं तरी खुर्च्या त्याच. शेवटी निवडणुका घ्या म्हणून सुप्रीम कोर्टाला दटावावं लागलं. फीचीही तीच कथा. कायद्यात सनदेची फी 750 रुपये. ओडिशात घेत होते 42,100. तेही 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेच थांबवलं. दुसऱ्यांना कायदा शिकवणारी ही मंडळी!

इंग्लंडमध्ये 2007 च्या कायद्याने वकिलांचं प्रतिनिधित्व आणि वकिलांवरचं नियमन वेगळं काढलं. देखरेख करणाऱ्या वरच्या मंडळावर बहुमत बिगरवकिलांचं. आपल्याकडे निदान शिस्तपालन समितीत तरी एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि एक साधा नागरिक बसवा म्हटलं, की ज्येष्ठ गरजतात, “हा वकिलीच्या स्वातंत्र्यावर घाला आहे!” सरकारपासून स्वातंत्र्य हवंच. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं सांभाळणारे मनन कुमार मिश्रा 2024 मध्ये सत्ताधारी पक्षाकडून राज्यसभेवर गेले, तेव्हा यातल्या कुणाचा घसा बसल्याचं ऐकलं नाही. यांना स्वातंत्र्य हवंय ते अशिलापासून.