बेडकाचं निमित्त



दहावीचा निकाल लागला की मंदिराबाहेर चपला घालता घालता एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मुलीला कॉमर्सच घेऊ दे गं, बायोलॉजीत बेडूक कापावा लागतो." याच वाक्यापायी १९९६ साली माझ्या अकरावीच्या अर्जावरचं जीवशास्त्र खोडलं गेलं. मी गप्प बसले.

आता तो बेडूक कुठे आहे? यूजीसीने २०१४ मध्येच कॉलेजांतलं प्राणिविच्छेदन बंद करायला सांगितलं. आणि त्याच घरातल्या मुलाच्या नीटच्या क्लासची फी भरताना हा बेडूक कुणाला आठवत नाही! मग हरकत हिंसेला आहे, की मुलगी जास्त वर्षं शिकेल याला? अहिंसेच्या आड हे लपवू नका.

पाठशाळेत आपणच पाठ करून घेतो ना, शंख दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भुंगा चार? सहाव्या वर्षी हे घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला सोळाव्या वर्षी जीवशास्त्र नको कसं?

कॉमर्स वाईट नाही, आवडत असेल तर जरूर घ्यावं. पण सायन्स करून नंतर सी.ए.कडे वळता येतं. जीवशास्त्र सोडून पुन्हा डॉक्टरकीकडे वळणं फार अवघड.

माझ्या लेकीने जीवशास्त्रावर खूण केली आहे. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. अर्ज सोमवारी भरायचा आहे.