मोफत ऑपरेशन पुरेसं नाही, सुरक्षित भूल हा आमच्या लेकरांचा हक्क आहे!

चिंचोळी एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या पोराला हर्निया निघाला की बापाला पहिलं वाक्य ऐकवलं जातं : "काळजी करू नका, सगळं मोफत होईल." आमचा प्रश्न इथूनच सुरू होतो. मोफत ठीक आहे. पण भूल कोण देणार?

लेकरू म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. तान्ह्या बाळाला वजनाच्या हिशेबाने मोठ्यांच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो. श्वास अडला की सावरायला वेळ फार थोडा मिळतो. डोस किलोवर ठरतो. दशांश चिन्ह चुकलं की औषध दहापट जातं. ऑपरेशन छोटं असतं, भूल कधीच छोटी नसते.

"साधनं कमी आहेत" हे उत्तर आम्हाला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०१८ साली किमान निकष दिले. भूल देणारी प्रशिक्षित व्यक्ती शेवटपर्यंत रुग्णाजवळ हवी, रक्तातला ऑक्सिजन सतत मोजला जायला हवा. हे निकष गरीब देशांनाही लागू आहेत. मग गरिबाच्या पोरासाठी वेगळं माप का?

आणि ही भीकही नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री होते. त्याच काळात कामगार आरोग्य विम्याचा पाया घातला गेला. १९४८ साली ईएसआय कायदा आला. आज २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. उपचारांचा हक्क कुटुंबालाही आहे. ठेकेदार नावच नोंदवत नसेल तर तो लेकराचा उपचार चोरतो. कायद्याने वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची आहे, हे गेटवर ठणकावून सांगा.

काही म्हणतील, प्रश्न विचारले तर डॉक्टर चिडतील. आमचं भांडण राबणाऱ्या डॉक्टर-नर्सशी नाही. पदं रिकामी ठेवणाऱ्या सरकारशी आहे. म्हणून संमतीपत्रावर अंगठा देण्याआधी विचारा : भूलतज्ज्ञ कोण? शेवटपर्यंत थांबणार का? मुलाच्या मापाचा मास्क, नळी, ऑक्सिमीटर आहे का? शुद्धीवर येईपर्यंत लक्ष कोण ठेवणार?

आणि आपणही एक पाळू. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं तर पोर रडतं म्हणून गुपचूप बिस्कीट देऊ नका. दिलं असेल तर लपवू नका. भुलेत उलटी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं आहे. ते कर्तव्य ऑपरेशन टेबलावर दिसलं पाहिजे. शिका, संघटित व्हा आणि दवाखान्यातही प्रश्न विचारा.

जयभीम!