घाऊक मटण आणि दुकानदाराची चिठ्ठी

रमजान जवळ आला की दुकानात एक वेगळं गिऱ्हाईक येतं. ते किलो-दीड किलो मागत नाही. अख्खा बोकड कापून द्या, महिनाभराचं एकदम भरून ठेवतो, म्हणतं. कुठे तीन भावांची मिळून एक खरेदी असते, कुठे घरात नवा डीप फ्रीझर आलेला असतो. हा धंदा वाढणारा आहे आणि तो नीट करायचा तर काही सवयी बदलाव्या लागतील.

गावाकडे अशी खरेदी जुनीच. चार घरांनी पैसे काढून बोकड घ्यायचा, मुलाण्याने हलाल करायचा, मग वाटे घालायचे. मुलाणी गावगाड्यातला माणूस. जत्रेतला हिंदूंचा बोकडही त्याच्याच सुरीखाली जायचा, अनेक गावांत आजही जातो. वाटा घेणारा समोर उभा असे. जनावर जिवंत नि धडधाकट पाहिलं, बिस्मिल्ला कानाने ऐकलं, वाटा घरी नेला आणि त्याच दिवशी शिजवला. आजचं घाऊक गिऱ्हाईक यातलं काहीही पाहत नाही. फोनवर सांगतं, पाकिटं घरपोच मागतं आणि तीन आठवड्यांनी खातं. मधली सगळी भिस्त आपल्या शब्दावर. आमचं स्पष्ट मत आहे की अख्ख्या जनावराच्या विक्रीत हा शब्द तोंडी राहू नये, चिठ्ठीवर यावा: सुरी कोणी चालवली, कुठल्या कत्तलखान्यात, किती वाजता, आणि मांस थंड कधी केलं.

मुंबईत देवनारला, म्हणजे १९७१पासून चालू असलेल्या पालिकेच्या कत्तलखान्यात, पशुवैद्यकाची तपासणी आणि शिक्का असतो. तो शिक्का आरोग्याचा. हलालची खात्री वेगळी आणि ती आपणच द्यायची. अख्खं जनावर विकताना आणखी एक गोष्ट विचारावी. हनफी घरांत गदूद, पित्ताशय, मूत्राशय, कपुरे हे भाग वर्ज्य मानतात. सुट्या विक्रीत हा प्रश्न फारसा येत नाही, पण अख्ख्या बोकडाबरोबर सगळंच पिशवीत जातं. कापण्याआधी विचारलं तर गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

मात्र सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या वेगळ्याच: मटण शिजतच नाही, पाणी फार सुटतं. लोक जनावराच्या वयाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष घाईचा असतो. आपल्याकडे गरम मटणाची आवड. तासाभरापूर्वी कापलेलं मटण एकदम शिजवलं तर ठीक. पण तेच फ्रीझरमध्ये कोंबलं तर स्नायू ताठरण्याआधीच गोठतात. बर्फ उतरला की ते थांबलेलं आकसणं एकदम होतं, मांस चामट होतं आणि रस वाहून जातो. स्नायूतलं आम्ल हळूहळू वाढतं, जिवंतपणी ७च्या आसपास असलेला सामू साधारण ५.५वर येतो, त्याला वेळ द्यावाच लागतो. बोकडाचं धड लहान, अंगावर चरबीचा थर पातळ, त्यामुळे ते लवकर थंड होतं आणि सामू उतरण्याआधी १० अंशांखाली गेलं तरी आकसतं. म्हणून पहिले काही तास १० ते १५ अंशांच्या स्वच्छ खोलीत धड टांगावं, मग रात्रभर ० ते ४ अंशांत ठेवावं, दुसऱ्या दिवशी तुकडे करून द्यावेत. मे महिन्यात उघड्या दुकानात आकडीला टांगून ठेवणं म्हणजे हे नव्हे. त्याने मटण नासेल. ज्याच्याकडे थंड खोली नाही त्याने महिन्याभराच्या साठ्याची मागणी घेऊच नये.

भावाचंही आधीच बोलावं. २५ किलोच्या जिवंत बोकडातून धड साधारण ११ ते १३ किलो निघतं, त्यात हाडं आलीच. गिऱ्हाईक मनात २० किलो धरून आलेलं असतं. मुंडी, पाय, वजडी, कलेजी धडाच्या वजनात आहेत की वेगळी, हे चिठ्ठीवर असलं की वाद होत नाही.

घरच्या फ्रीझरचीही चौकशी करावी. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात १२ किलो मटण टाकलं तर ते गोठायला फार वेळ लागतो आणि आतलं आधीचं सामानही नरम पडतं. अशा घराला दोन खेपांत द्या. पाकिटं एका वेळच्या भाजीची, अर्ध्या किलोची, चपटी आणि हवा काढलेली असावीत. लवकर गोठतात, लवकर सुटतात. रान, सीना, चाप, नळी यांची नावं आणि तारीख वर लिहावी. उणे १८ अंशांत तुकडे काही महिने चांगले राहतात. खिमा आणि कलेजी मात्र आधी संपवायला सांगावं. बर्फ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवायचा, ओट्यावर नाही, आणि एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

पुढच्या अंकात चिठ्ठीचा नमुना छापत आहोत. वाट्याची पद्धत जिथे अजून चालू आहे, तिथल्या व्यावसायिकांनी आपल्या भागात त्यात कोणते रकाने जास्त लागतील ते महिनाअखेरीपर्यंत कळवावं.